आबासाहेबांच्या परवानगीने

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पेडगावात आबासाहेबांच्या घरी, मधल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांशेजारी एका मेजावर मी बसून असतो. माझ्या अंगावर फुलाफुलांची एक चादर आहे. ती मायेने घातलेली नाही, विटली म्हणून माझ्या वाट्याला आली. माझी डिस्क, म्हणजे जिच्यावर सगळं साठवलेलं असतं ती तबकडी, कधीच मेली. मग आठवण गेल्यावर हा गोष्ट कशी सांगतो, असं तुमच्यातला एखादा हुशार विचारील. बाळा, पारावर बसून रोज गोष्टी सांगणारे बघ. त्यांना तरी काय धड आठवतं? तरी बोलतातच ना. तेव्हा गुमान ऐक.

तुमच्या शाळेच्या पुस्तकातल्या फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या आपली कहाणी सांगताना रडतात. मी रडणार नाही. मला रडण्यासारखं काही झालेलंच नाही. जे रडण्यासारखं होतं, ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलं.

मी कुठल्याशा लांबच्या कारखान्यात जन्मलो, थर्माकोलमध्ये गुंडाळून परभणीच्या एका दुकानात आलो आणि तिथून जीपच्या मागच्या सीटवर बसून पेडगावात. आबासाहेबांचा मुलगा भागवत जवळच्या गावात मास्तर आहे. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको अर्पिता पोखर्णीची, शेतीचं शिकलेली. लग्नाआधीच तिनं विद्यापीठात डॉक्टरकीच्या, म्हणजे पीएचडीच्या, अभ्यासाला नाव घातलं होतं. त्या अभ्यासासाठी मला आणलं. धुरपताबाईंनी, म्हणजे भागवतच्या आईनं, माझ्या पडद्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. त्याचं पाणी माझ्या कळफलकावर उडालं. सगळे हसले. तो या घरात माझ्यासमोर सगळे मिळून हसल्याचा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

मला मांडायला दुकानातून योगीराज आला होता. तारा जोडून झाल्यावर त्यानं विचारलं, "मालक म्हणून नाव कोणाचं घालू?"

अर्पिता नवी होती, तिला घराची रीत ठाऊक नव्हती. ती पटकन म्हणाली, "माझं घाला. काम मीच करणार आहे."

भागवत पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. आबासाहेबांनी उपरणं झटकलं.

"ह्या घरात लाइटीचं मीटर माझ्या नावावर, ग्यास माझ्या नावावर. दारातल्या कुत्र्यालाबी लोक आबासाहेबाचं कुत्रं म्हणतेत. मग हे मशीन काय येगळं हाय?"

"बरोबर हाय," योगीराज म्हणाला. "मग तुमी मालक. वहिनीचं साधं खातं काढतो. त्या लिहितील, वाचतील. पर काही मोठं करायचं म्हणलं की मशीन तुमची परवानगी मागंल."

"मागंल?"

"मागंलच. तुमचा पासवर्ड घातल्याबिगर पुढं जाणार न्हाई."

आबासाहेबांच्या तोंडावर जी कळा आली, ती मी कधी विसरणार नाही. त्यांनी योगीराजला भिंतीकडे तोंड करायला लावलं. जुनी सातवी झालेली, त्यामुळे इंग्रजी अक्षरं ओळखीची होती. एकेक अक्षर हुडकत त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटानं आपला गुप्त शब्द माझ्यात घातला. त्या शब्दाखेरीज त्यांनी माझ्यावर जन्मात काही लिहिलं नाही.

आता माझी रीत सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. माझ्या पोटात जी फाइल येते, तिच्यावर मी एक न दिसणारी खूण मारतो. मालक कोण, उघडायची मुभा कुणाला, ते त्या खुणेत असतं. फाइल उघडायला कुणी आलं की मी त्याचा चेहरा बघत नाही, त्याची अडचण बघत नाही. नावसुद्धा बघत नाही. त्याच्या खात्याची खूण फाइलीवरच्या खुणेशी जुळली तर उघडतो, नाही जुळली तर नाही. मालक आला तर त्याला कुठंही वाट मोकळी. यात माझा कुणावर राग नाही आणि लोभही नाही. मी हुकमाचा ताबेदार आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

अर्पितानं माझ्याकडून फार काम करून घेतलं. तिचा विषय ज्वारीवरची खोडमाशी. ही माशी कोवळ्या रोपावर अंडं घालते, अळी आत शिरते, मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, वाळतो आणि ओढला की अलगद हातात येतो. बाहेरून रोप हिरवंच दिसतं. अर्पितानं सासरच्याच रानात वाफे पाडले होते. सकाळी घरातलं आवरायचं, उन्हातान्हात रानात बसून रोपं न्याहाळायची, कागदावर मांडायचं, एकेका रोपाचा फोटो काढायचा आणि दुपारी मातीच्या पायांनी येऊन सगळं माझ्यात भरायचं. फोन भरला की त्यातले फोटो माझ्यात टाकून ती फोन मोकळा करायची. असे हंगामामागून हंगाम गेले. तिची दहाही बोटं माझ्यावर भराभरा चालायची. एवढा चांगला हात मला पुन्हा मिळाला नाही.

पण हुकूम त्या एका बोटाचा. काही नवं बसवायचं असलं, काही बदलायचं असलं, की मी चौकट पुढं करायचो. मग ती ओसरीवर जायची.

"आबा, जरा येता का? मशीन परवानगी मागायलंय."

आबासाहेब आधी तंबाखू मळायचे. मग रस्त्यानं जाणाऱ्याची विचारपूस करायचे. ती दाराशी उभीच. मग सावकाश यायचे, खुर्चीत बसायचे, कळफलकावर उपरणं पांघरायचे आणि म्हणायचे, "तिकडं बघ." ती तोंड फिरवायची. उपरण्याखाली ते बोट टकटक चालायचं आणि मी उघडायचो. पाहुणे आले की ते मला दाखवायचे. "सून लय शिकलेली हाय आमची. पर माझ्या इजाजतीबिगर हे मशीन हलत न्हाई." पाहुणे माना डोलवायचे. माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

पहिल्या बाळंतपणाला अर्पिता रिवाजाप्रमाणे माहेरी, पोखर्णीला गेली. इकडे भागवतनं शाळेतल्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून गाणी आणली आणि त्यासोबत व्हायरस आणला. मला वेड लागलं. मी मधेच बंद पडू लागलो, भलतंच दाखवू लागलो. योगीराज आला. म्हणाला, सगळं पुसून नव्यानं मांडावं लागेल.

"अन् वहिनीचं काम?"

"तिचं सामान एका बाजूला ठीव," आबासाहेब म्हणाले. "हरवू नको. लेकरू घेऊन आली की बघंल तिचं ती."

योगीराजनं तिचं सगळं काम एका कोपऱ्यात हलवलं, जसंच्या तसं, जुन्या खुणांसकट. मग तेवढा कोपरा सोडून मला पुसलं. मग पुन्हा खाती काढली. आबासाहेबांचं मालकाचं, तोच शब्द, तेच बोट, योगीराज भिंतीकडे. आणि अर्पिताचं साधं खातं, पहिल्याच नावाचं. पण मित्रांनो, मी नाव बघत नाही हे तुम्हाला सांगितलंच आहे. नवं खातं म्हणजे नवी खूण. ज्या अर्पितानं ते काम केलं होतं, ती माझ्या लेखी संपली. जी माहेराहून येणार होती, ती दुसरीच कुणी. जुनं काम या नव्या अर्पिताच्या हवाली करायला मालकाच्या शब्दाची आणखी एकदा गरज होती. योगीराजनं हाक मारली. आबासाहेब जेवून आडवे झाले होते. "राहू दे आता," ते आतून म्हणाले. योगीराजनं पिशवी उचलली आणि गेला.

अर्पिता निकिताला घेऊन आली. माळ्यावर ठेवलेले तिचे रानातले कागद दिसेनात. आबासाहेबांनी ते रद्दीत घातले होते. "मशीनीत हाय ना सगळं? मग घरात कागदाचा पसारा कशाला?" ते म्हणाले. खरंच होतं, सगळं माझ्यात होतं. कोपऱ्यात तिच्या नावाचं फोल्डर दिसत होतं. ते उघडून बघायला तिला सवड झाली नाही. मांडीवर लेकरू, रानात शेवटचा हंगाम.

तरी ती बेफिकीर नव्हती. परभणीहून तिनं एक काळी डबी आणली, नक्कल काढून ठेवायची. दर आठवड्याला माझ्यातलं सगळं त्या डबीत उतरवायचं काम तिनं मला लावून दिलं, आणि मी ते इमानानं केलं. जुन्या फोल्डरपाशी आलो की मी खूण बघायचो. जुळायची नाही. मग डबीत नुसतं फोल्डरचं नाव मांडायचो, आत काही न घालता, आणि पुढं जायचो. शेवटी लिहायचो, 'बॅकअप पूर्ण झाला.' त्याखाली बारीक करड्या अक्षरांत, 'काही फाइली वगळल्या.' माणसं पहिलं वाक्य वाचून उठतात. तीही उठायची, निकिता रडत असायची.

मग एके दिवशी विद्यापीठातून तिच्या सरांचा फोन आला. प्रबंधासोबत सगळ्या हंगामांच्या मूळ नोंदी आणि फोटो दसऱ्याच्या आत पाहिजेत. बाळंतपणामुळं तिला आधीच एकदा मुदत वाढवून मिळाली होती. आता पुन्हा मिळणार नव्हती. दसरा चुकला तर नाव रद्द, सगळी वर्षं मातीत.

तिनं हसतच काळी डबी जोडली. फोल्डर उघडलं. आत काही नव्हतं. तिनं माझ्यातलं फोल्डर उघडायला घेतलं. मी लिहिलं, 'या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही.' ती ते वाक्य किती तरी वेळ वाचत होती, जणू दुसऱ्यांदा वाचलं की ते बदलेल. आणि त्याच वेळी माझ्या आतून आवाज आला. टक. टक. माझी डिस्क थकली होती. अर्पितानं तो आवाज ऐकला. तो कशाचा आवाज आहे, हे तिला बरोबर कळलं.

ती ओसरीवर धावली. "आबा, जरा येता का? लय जरुरी हाय."

"कशाचं?"

"माझ्या जुन्या फाइली उघडत न्हाईत. तुमचा पासवर्ड लागायलाय. अन् मशीन आवाज करायलंय, कधी बंद पडंल भरवसा न्हाई."

"त्या दिल्या की तू डाक्टर होणार?"

"होय, आबा."

"अन् मग नोकरी कुटं?"

इथं तिनं खोटं बोलायला पाहिजे होतं. पण शिकलेल्या माणसांना वेळेवर खोटं सुचत नाही. ती म्हणाली, "मिळंल तिथं जावं लागंल."

आबासाहेबांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "उद्या बघू," ते म्हणाले.

उद्या अमावास्या निघाली. परवा त्यांना चष्म्यातून नीट दिसेना. तेरवा कंटाळा आला. ते नाही म्हणाले नाहीत, एकदासुद्धा. नाही म्हणाले असते तर ती भांडली असती, रडली असती, काही वाट काढली असती. ते फक्त येत नव्हते. एकदा मात्र आले. खुर्चीत बसले, उपरणं पांघरलं, "तिकडं बघ" म्हणाले. तिनं तोंड फिरवलं. बोट वर उचललेलं मी पाहिलं. मग ते बोट तसंच मागं गेलं. "च्या थंड झाला असंल माझा," असं म्हणून आबासाहेब उठले. ती पाठमोरी उभीच होती. तिला वाटलं, झालं. ती वळली तेव्हा माझी चौकट रिकामी होती.

तिनं नवऱ्याला सांगितलं. भागवत म्हणाला, "आबाच्या कलानं घे जरा. त्यांना डिवचून काई उपयोग न्हाई." तिनं योगीराजला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, माफ करा. मालक आबासाहेब हायेत. त्यांनी सांगितल्याबिगर मी त्या मशीनला हात लावणार न्हाई. जबान दिलीय मी." मग तिनं मला बंद करून ठेवलं, डिस्क आणखी झिजू नये म्हणून. रोज येऊन नुसती माझ्यावरची धूळ पुसायची. या घरात माझी खरी काळजी तेवढी तिनं घेतली, हे मी नाकारत नाही.

असे दिवस चालले असताना एका सकाळी आबासाहेब अंगणात तोंड धुताना कोसळले. अर्धं अंग गेलं, उजवं. वाचाही गेली. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची खाट मधल्या खोलीत टाकली, नेमकी माझ्यासमोर. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, अंगाला तेल चोळायचं, हे सगळं अर्पिताकडे आलं. तिनं ते तोंड वाकडं न करता केलं. दसरा जवळ आला होता.

एके दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं मला चालू केलं, कळफलक त्यांच्या पोटावर ठेवला आणि खाटेजवळ बसली. "आबा, तुमाला समजायलंय सगळं, मला म्हाईत हाय. डावा हात चांगला हाय तुमचा. तेवढा शब्द दाबा. मी बगत न्हाई." आणि तिनं स्वतःहूनच तोंड फिरवलं, नेहमीसारखं.

मी बघत होतो. आबासाहेबांचा डावा हात चादरीवरून सरकला. बोटं हलत होती, चांगली हलत होती. त्यांनी कळफलकाकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं. मग हात मागं घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सगळं अंग लुळं पडलं तरी माझा मालक मालकच होता. अर्पिता बराच वेळ वाट बघून वळली आणि त्यांची ती मान बघून तिनं कळफलक उचलला. रडली नाही. पोटावरची चादर नीट केली.

मग भागवतच्या डोक्यात आलं की शब्द ओळखून बघावा. सगळे माझ्याभोवती जमले. घरच्या देवाचं, नरसिंहाचं नाव घातलं. बैलांची नावं घातली. निकिताचं घातलं. भागवतनं आपलं स्वतःचं नाव मोठ्या खात्रीनं घातलं. मी चूक म्हणालो तेव्हा त्याचा कान लाल झाला. धुरपताबाई मागं उभ्या होत्या. त्या पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "माजं घालून बघा की." बोलून त्या लाजल्या. या वयात त्या लाजलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. भागवतनं नाव घातलं. मी म्हणालो, चूक. त्या चुलीकडे गेल्या. त्या दिवशी भाकरी जाड झाल्या, आणि खाटेवरच्या माणसाला त्यांनी पाणी विचारलं नाही.

अखेर भागवतनं योगीराजला बोलावलं. आबासाहेब आता काही सांगू शकत नव्हते, तेव्हा जबानीचा प्रश्न मिटला होता. योगीराजनं पेनड्राइव्ह लावला, बाहेरून मला उठवलं आणि मालकाचा शब्द पुसून टाकला. एवढं सोपं होतं ते. खाटेवरून घशातल्या घशात एक आवाज आला. कुणी तिकडं पाहिलं नाही.

"उघडतंय आता," योगीराज म्हणाला. "फक्त ह्या फाइलींचा मालक बदलावा लागंल. नाव कोणाचं घालू?"

तोच प्रश्न, त्याच खोलीत. अर्पिता पुढं झाली. या वेळी तिला घराची रीत पुरती ठाऊक होती. ती म्हणाली, "नाव राहू द्या. नावाचं मागनं बघू. आधी हाय तसं ह्या डबीत उतरवून घ्या. मशीन मरायलंय, आवाज ऐका जरा."

टक. टक. टक. मी जमेल तेवढा आवाज करत होतो.

भागवतनं खाटेकडे पाहिलं. मग छाती पुढं काढून म्हणाला, "न्हाई. आधी नाव लावून घे. जमिनीचंबी तसंच असतंय. फेरफार झाल्याबिगर वाटणी होत न्हाई. उद्या पुन्हा अडायला नको."

"खरं हाय," योगीराज म्हणाला. "आधी मालकी, मग नक्कल. वहिनीचं लावू का?"

"माझं लाव. आबाच्या मागं मीच ना आता?"

आबा तिथंच होते, डोळे उघडे, कान शाबूत.

"अहो, ऐका माझं," अर्पिता म्हणाली. "नाव बदलायचं म्हणजे एकेका फाइलीवर लिहावं लागतं. हजारो फोटो हायेत. तेवढं सोसणार न्हाई ह्याला."

"वहिनी, च्या होईस्तोवर होतंय," योगीराज हसून म्हणाला.

"जा ना," भागवत म्हणाला. "पाव्हण्याला च्या टाक."

ती गेली, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, का गेली? हात धरायचा होता, तार ओढायची होती. मी तुम्हाला सांगतो, त्या खोलीत तिच्या बोलण्याची खूण कुणाशीच जुळत नव्हती.

योगीराजनं कळ दाबली आणि मी कामाला लागलो. पहिली फाइल, मालक भागवत. दुसरी फाइल, मालक भागवत. पहिल्या हंगामाचं पहिलं रोप, मालक भागवत. वाळलेला पोंगा, मालक भागवत. ज्या माणसानं त्या रोपाकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं, त्याचं नाव मी एकेका पानावर, एकेका मुळीवर लिहीत सुटलो. आतली सुई मरणाऱ्या तबकडीवर पुढं मागं, पुढं मागं धावत होती. तेवढ्याच जोरात नक्कल काढली असती तर सगळं नाही, पण बरंच काही डबीत जाऊन पडलं असतं. पण मला तसा हुकूम नव्हता. निम्म्यापर्यंत आलो असेन. मग आत काही तरी खरवडलं. पडदा निळा झाला, मग काळा.

अर्पिता कपबशा घेऊन दारात आली तेव्हा टकटक थांबलेली होती. त्या शांततेवरूनच तिला कळलं. ती कपबशांचं ताट धरून उंबऱ्यावरच थांबली.

"मशीनच लय जुनं होतं, वहिनी," योगीराज म्हणाला. त्यानं ताटातला कप उचलला आणि चहा प्याला. भागवतही प्याला. डिस्क पुढं मोठ्या शहरात पाठवून बघितली, तिथून कोरीच परत आली. दसरा होऊन गेला. सरांचा फोन आला, ती "बरं सर" म्हणाली आणि तिनं फोन ठेवून ज्वारी निवडायला घेतली.

त्यानंतर तिनं एकच गोष्ट केली. तिनं विचारणं सोडलं. आबासाहेबांचं सगळं ती पहिल्यासारखंच करते. पण जेवता का, पडता का, ऊन लागतं का, काही म्हणून विचारत नाही. घास तोंडाशी नेते, ते तोंड उघडतात. कूस बदलायची वेळ झाली की बदलते. मी ज्या माणसाला ओळखतो, त्यानं उभा जन्म इतरांना आपल्या दाराशी विचारत उभं केलं होतं. अर्धांगवायूनं जे त्यांचं मोडलं नव्हतं, ते या न विचारण्यानं मोडलं. एका संध्याकाळी त्यांनी डावा हात माझ्याकडे केला आणि घशातून आवाज काढला. करतच राहिले. शेवटी धुरपताबाईंनी माझी चादर बाजूला करून कळफलक त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी उपरणं मागितलं नाही. सगळ्यांच्या देखत, डाव्या हाताच्या एका बोटानं, अक्षर हुडकत हुडकत त्यांनी शब्द दाबला. अर्पिता समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं बोटाखालचं एकेक अक्षर वाचलं. मुंजाजी. ते त्यांचं स्वतःचं नाव, पाळण्यातलं. गाव त्यांना आबासाहेब म्हणतं, धुरपताबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सुनेनं घ्यायचा प्रश्नच नाही. आणि भागवत ते नाव रोज सकाळी शाळेच्या हजेरीवर लिहितो, आपल्या नावाच्या आणि आडनावाच्या मधोमध.

शेवटची मोठी कळ दाबून आबासाहेबांनी अर्पिताकडे पाहिलं. फार मोठं दान केल्यासारखं पाहिलं. तिनं घडी पुरी केली, जवळ आली, त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि कानाशी वाकून म्हणाली, "मशीन मेलंय, आबा."

तर मित्रांनो, माझ्यासारख्याकडून काही शिकायचंच असेल तर एवढं शिका. नक्कल काढली की ती उघडून बघा, मी पूर्ण झाली म्हणालो तरी बघा. डिस्क कुरकुरायला लागली तर आधी आतलं वाचवा, नावं नंतर लावा. ज्याचं काम, त्याची खूण त्याच्यावर पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि हो म्हणायचं असेल, तर मागणारं माणूस समोर उभं आहे तोवर म्हणा. मला धूळ बसली तरी चालेल. पुसणारीनं आता पुसणं सोडलं आहे.

बाकी माझं बरं चाललंय. माझी एकही तार आता कुठं जोडलेली नाही. तरी रोज दिवेलागणीला, जेवणाच्या आधी, अर्पिता कळफलक आणून आबासाहेबांच्या मांडीवर ठेवते. एक दिवस चुकवत नाही. शेजारपाजारच्या बाया म्हणतात, सून असावी तर अशी. आबासाहेब मान हलवतात, त्यांना नको असतं. ती घासाचं ताट हातात धरून उभी राहते. शेवटी ते भुकेनं डावं बोट उचलतात.

"दाबा, आबा," ती म्हणते. "मी बगत न्हाई." आणि तोंड फिरवते.